सुई हलते, पण कानाला काय कळतं?

गेल्या अंकात माइकच्या जागेविषयी लिहिताना कॉम्प्रेसरचा ओझरता उल्लेख केला होता. कॉम्प्रेसर म्हणजे ठरलेल्या पातळीच्या वर गेलेला आवाज आपोआप दाबणारं यंत्र; कॉम्प्युटरमध्ये तेच प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, म्हणून मिळतं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की हा अख्खा भाग मी त्यालाच देते आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काहींना लांब उत्तर लागतं, काहींना दोन ओळी पुरतात.

ताई, मी घरीच गाणी रेकॉर्ड करते. मुखडा हलक्या आवाजात असतो, तो नीट ऐकू येत नाही. अंतऱ्यात तार षड्जाला गेले की आवाज फाटतो. म्हणून ट्रॅकवर आधीच कॉम्प्रेसरचा प्लगइन टाकला. तरी फाटणं थांबत नाही. माझं कोणतं सेटिंग चुकतंय?

सेटिंग ठीक असेल, जागा चुकली आहे. आवाज कोणत्या वाटेनं येतो ते पाहा. माइकमधून तो प्रीअॅम्पमध्ये जातो आणि मोठा होतो, तिथून कन्व्हर्टरमध्ये. तिथे त्याचे आकडे होतात आणि मग ते आकडे कॉम्प्युटरमध्ये येतात. तुमचा प्लगइन या वाटेच्या शेवटी बसला आहे. तार षड्ज प्रीअॅम्पमध्ये किंवा कन्व्हर्टरमध्ये फाटला, तर प्लगइनच्या हाती तो फाटलेलाच येणार. प्लगइन त्याची पातळी खाली आणेल, पण फाटलेपण तसंच राहील. शिवाय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवरचा प्लगइन फक्त ऐकताना लागू होतो. डिस्कवर उतरणारी फाइल त्याच्या आधीची, प्लगइन न लागलेली असते.

तेव्हा आधी प्रीअॅम्पचा गेन खाली घ्या. गाण्यातली सगळ्यांत जोरकस ओळ निवडा आणि ती पूर्ण ताकदीनं गा. ‘हॅलो, चेक’ म्हणून पातळी ठरत नाही, कारण तसं कुणी गात नाही. त्या ओळीचा पीक, म्हणजे सर्वांत उंच टोक, उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास (मीटरवर शून्य ही वरची हद्द) राहिला की पुरे. प्रत्यक्ष टेकमध्ये माणूस तालमीपेक्षा जोरात गातो, त्यासाठी वरची जागा मोकळी हवी.

‘मग मुखडा फारच खाली जाईल’ ही भीती पत्रात आहे. ती टेपच्या काळातून आली आहे. टेपवर मुळातच एक सततची हिस असायची. हलकं गाणं त्या हिसमध्ये बुडू नये म्हणून सिग्नल शक्य तितका वर ठेवावा लागे, आणि वर ठेवला की जोरकस ओळ टेप झेपवू शकत नसे. दोन्ही सांभाळायला रेकॉर्डिंगच्या वेळीच कॉम्प्रेसर लागे. आज १६ बिटमध्ये कागदोपत्री ९६ डेसिबलची आणि २४ बिटमध्ये १४४ डेसिबलची जागा मिळते. कन्व्हर्टर प्रत्यक्षात १४४ गाठत नाहीत, पण तुमच्या खोलीतली पंख्याची घरघर त्याच्या कितीतरी आधी आडवी येते. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि पातळी निर्धास्तपणे खाली ठेवा. मुखडा नंतर उचलता येतो.

दुसरा उपाय तुमच्या पायांत आहे. मोकळ्या जागेत माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलनं उतरते. तार षड्जाच्या आधी थोडं मागे सरकलात की निम्मं काम तिथेच झालं. मात्र एकाच दिशेनं ऐकणाऱ्या माइकला जवळ गेल्यावर खर्ज फुगतो आणि लांब गेल्यावर तो ओसरतो, खोलीचा घुमाराही वाढतो. म्हणून हे सरकणं वीतभराचं असू द्या, हातभर नको.

एका ठिकाणी मात्र गाताना कॉम्प्रेसर हवाच असं मी म्हणेन, आणि ते म्हणजे गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये. स्वतःचा हलका आवाज कानात नीट आला की गायिका तो हलकाच ठेवते. नाही आला तर नकळत जोर लावते आणि मुखड्यातलं मार्दव जातं. तेव्हा प्लगइन काढू नका, फक्त तो कशासाठी आहे ते लक्षात असू द्या.

४:१ रेशो म्हणजे नेमकं काय? आवाज चारपट कमी होतो का?

नाही. हे गणित एकदा कागदावर करून बघा, म्हणजे कायमचं बसेल. थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्या वर गेलं की दाब सुरू होतो ती पातळी, उणे २० डेसिबलवर आहे असं धरा. गाण्यातला एक सूर उणे १२ वर पोचला, म्हणजे थ्रेशोल्डच्या वर ८ डेसिबल गेला. ४:१ मध्ये वर गेलेल्या दर ४ डेसिबलमागे १ डेसिबल बाहेर पडतो. ८ चे झाले २. तो सूर आता उणे १८ वर ऐकू येईल आणि गेन रिडक्शनचा मीटर, म्हणजे किती दाबलं ते दाखवणारी सुई, ६ दाखवेल. जो सूर उणे २० च्या खालीच होता त्याला कुणी हात लावला नाही. म्हणजे कॉम्प्रेसर हलकं काही वर आणत नाही. तो जोरकस सूर खाली आणतो, आणि मग मेकअप गेननं आपण सगळंच एकत्र वर उचलतो.

रेशो १०:१ च्या पुढे गेला की त्याला लिमिटर म्हणायची पद्धत आहे. सॉफ्ट नी म्हणजे थ्रेशोल्ड जवळ येत जाईल तसा रेशो हळूहळू चढत जातो, एकदम लागत नाही. गळ्यासाठी मला सॉफ्ट नी बरा वाटतो.

मेकअप गेनपाशी मात्र थांबून बोलायला हवं, कारण बहुतेकांची फसगत इथे होते. जास्त मोठ्यानं वाजणारी गोष्ट कानाला जास्त चांगली वाटते. खर्ज भरदार लागतो, वरचे सूर खुलल्यासारखे वाटतात. कॉम्प्रेसर चालू केला, मेकअपनं ५ डेसिबल चढवले आणि ‘वा, काय आवाज उघडला!’ असं वाटलं, तर तुम्ही त्या ५ डेसिबलना दाद दिलीत. म्हणून कॉम्प्रेसर चालू आणि बायपास (म्हणजे वगळलेला), दोन्ही वेळा आवाज कानाला सारखाच मोठा लागेल असा मेकअप ठेवा. मग डोळे मिटून बायपासचं बटण दाबत राहा, आता चालू आहे की बंद ते विसरून जाल इतक्या वेळा. त्यानंतर जे जास्त आवडेल ते तुमचं. कित्येकदा बायपासच जास्त आवडतो, आणि तोही निकाल मानायचा. अनेक प्लगइनमध्ये ‘ऑटो गेन’ असतो. मी तो आधी बंद करते. तो गणितानं पातळी जुळवतो, आपल्याला कानानं जुळवायची असते.

तबल्याच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावला की ‘ना’ची चाट मेल्यासारखी होते, आणि दर ‘धा’नंतर सगळा तबलाच खाली बसतो. थ्रेशोल्ड आणि रेशो सगळे आकडे फिरवून पाहिले. काय करू?

हा या महिन्यातला माझा सर्वांत आवडता प्रश्न, कारण दोन्ही तक्रारी कानानं अचूक टिपलेल्या आहेत. उत्तर थ्रेशोल्डमध्येही नाही आणि रेशोमध्येही नाही. ते अटॅक आणि रिलीज (दाबायला आणि दाब सोडायला लागणारा वेळ) या दोन वेळांमध्ये आहे. पहिले दोन आकडे ‘किती’ ते ठरवतात; हे दोन ‘केव्हा’ ते ठरवतात. तालवाद्यात केव्हा हेच सगळं असतं.

आधी चाट. बोट किनारीवर पडतं त्या क्षणी एक अगदी आखूड, टोकदार टोक उमटतं. जेमतेम काही मिलिसेकंदांचं. मागून सूर येतो, तो लांबतो. तुमचा अटॅक १ मिलिसेकंदाच्या आसपास असणार. इतका जलद कॉम्प्रेसर त्या टोकालाच पकडतो आणि ते छाटतो. मग उरतो तो सूर, बोटाशिवायचा. अटॅक २० ते ३० मिलिसेकंदांवर न्या: टोक सुटून जाईल आणि कॉम्प्रेसर मागच्या सुरावर बसेल. टोकाच्या मानानं सूर खाली गेल्यामुळे चाट पहिल्यापेक्षाही ठसठशीत वाटेल. एकाच यंत्रानं ठोका बोथटही करता येतो आणि पुढेही आणता येतो, तो या एका बटणानं.

अटॅकविषयी एक गैरसमज बऱ्याच पत्रांत दिसला. अटॅक ३० मिलिसेकंद म्हणजे कॉम्प्रेसर ३० मिलिसेकंद हातावर हात ठेवून बसतो आणि मग दाबायला लागतो, असं नसतं. थ्रेशोल्ड ओलांडताच तो दाबायला सुरुवात करतो. ठरलेल्या दाबाच्या बऱ्याचशा भागापर्यंत पोचायला त्याला जो वेळ लागतो तो अटॅक. हा ‘बराचसा भाग’ कुणी सुमारे दोन तृतीयांश धरतो, कुणी नव्वद टक्के. त्यामुळे एका कॉम्प्रेसरवरचे १० मिलिसेकंद दुसऱ्यावरच्या १० सारखे ऐकू येतीलच असं नाही. माझे आकडे सुरुवातीपुरते घ्या.

आता ‘धा’. धा मध्ये तबल्यावरच्या बोलाबरोबर डग्गाही वाजतो, आणि डग्ग्याची ताकद खालच्या स्वरांत असते. कॉम्प्रेसर ती ताकद मोजतो आणि दाबताना मात्र सगळंच दाबतो. डग्गा घुमतोय तोवर तबल्याची किनारही खाली बसलेली राहते. तीन गोष्टी करता येतात, मी याच क्रमानं करते. तबला आणि डग्ग्याला वेगळे माइक असतील तर कॉम्प्रेसरही वेगळे ठेवा, म्हणजे एकाचं ओझं दुसऱ्यावर पडणार नाही. एकच ट्रॅक असेल, तर कॉम्प्रेसरमधला साइडचेन फिल्टर शोधा आणि तो १२० ते १५० हर्ट्झपर्यंत चढवा. यानं डग्ग्याचा आवाज कमी होत नाही. मोजताना कॉम्प्रेसर त्याच्याकडे बराच काणाडोळा करतो, एवढंच. हे दोन्ही करून पुरलं नाही तर रिलीजकडे वळा.

रिलीज म्हणजे दाब सोडून पूर्वपदावर यायला लागणारा वेळ. पुढचा ठोका येईपर्यंत सुई परत शून्यावर आली नसेल, तर तो ठोका आधीच्या ठोक्याचा दाब सोसत जन्माला येतो. द्रुत लयीत हे लगेच ऐकू येतं. सुरुवातीला लयीचं गणित घ्या: ६०,००० ला मिनिटातल्या मात्रांनी भागा. ९० ची लय असेल तर एक मात्रा सुमारे ६६७ मिलिसेकंदांची, अर्धी मात्रा ३३३ ची. मात्रेला दोन बोल असतील तर रिलीज ३०० च्या आतच हवा. चार बोल असतील तर आणखी खाली. पण हा आकडा टाकून सोडून देऊ नका. सुईकडे बघा, ती लयीत डोलते आहे का? मग बघणं थांबवा आणि ऐका. रिलीज जमला की तालाला आतून झोका मिळतो. चुकला की तबला श्वास लागल्यासारखा खालीवर होतो.

हे ऐकायला शिकण्याची माझी रीत अशी. रेशो १०:१ करा, थ्रेशोल्ड इतका खाली ओढा की सुई १५-२० डेसिबलपर्यंत जाईल. आवाज भयंकर येईल, येऊ द्या. आता फक्त अटॅक फिरवा, सर्वांत जलदपासून संथपर्यंत, आणि चाट कुठे उगवते तिथे थांबा. मग फक्त रिलीज फिरवा, लयीत बसेपर्यंत. दोन्ही वेळा पक्क्या झाल्या की रेशो ३:१ किंवा ४:१ वर आणा आणि थ्रेशोल्ड वर न्या, सुई ३ ते ४ डेसिबल हलेल इतकाच. इतक्या कमी दाबात अटॅक-रिलीज ऐकून ठरवणं अनुभवी कानालाही अवघड जातं. म्हणून ते आधी अतिशयोक्तीत ठरवायचं.

बेस गिटारवर रिलीज सगळ्यांत जलद ठेवला तर खालच्या तारेवर आवाज गुरगुरतो. प्लगइन बिघडला आहे का?

प्लगइन शाबूत आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते, म्हणजे तिचं एक आवर्तन साधारण २४ मिलिसेकंदांचं. तुमचा अटॅक आणि रिलीज त्याहून पुष्कळ जलद असतील, तर कॉम्प्रेसर दर आवर्तनात दाबतो आणि सोडतो. लहरीचा आकारच बदलतो, आणि ते तुम्हाला गुरगुर म्हणून ऐकू येतं. रिलीज १०० मिलिसेकंदांच्या वर घ्या, गुरगुर जाईल. काही जण ती मुद्दाम ठेवतात, रॉकमध्ये ती शोभते सुद्धा.

कॉम्प्रेशन केल्यावर श्वास, खोलीचा आवाज आणि ‘स’, ‘श’ फार टोचायला लागतात. डी-एसर (‘स’ची टोच कमी करणारा प्लगइन) कुठे लावू, आधी की नंतर?

६ डेसिबल दाबून ६ डेसिबल मेकअप दिला, की दोन ओळींच्या मधली जागा ६ डेसिबलनं वर आली. तिथे गाणं नसतं. श्वास असतो, पंखा असतो, कपड्याची सळसळ असते. हा हिशेब टळत नाही. म्हणून खोली शांत करणं हे कॉम्प्रेसरच्या आधीचं काम आहे.

‘स’ची गोष्ट जरा वेगळी. ‘सांज’ हा शब्द घ्या. ‘आं’ या स्वरात खूप ताकद असते, तो थ्रेशोल्ड ओलांडतो आणि दाबला जातो. ‘स’मध्ये ताकद कमी, तो थ्रेशोल्डच्या खालून निसटतो. मग मेकअप दोघांनाही सारखाच चढवतो. स्वर जिथे होता तिथेच राहिला, ‘स’ मात्र वर आला. गायिकेनं काही वेगळं केलेलं नाही, दोघांमधलं प्रमाण आपण बदललं.

मी आधी हातानं काम करते. ट्रॅकवर जाऊन टोचणारा प्रत्येक ‘स’ वेगळा काढते आणि त्याची पातळी ३-४ डेसिबल उतरवते. लहरींच्या चित्रात तो दाट, केसाळ ठिपक्यासारखा लगेच ओळखू येतो. श्वासही तसेच उतरवते, पण पुसत नाही. श्वास काढून टाकलेला आवाज ऐकणाऱ्यालाही गुदमरवतो. त्यानंतरही टोचत असेल तर कॉम्प्रेसरच्या नंतर डी-एसर. तो बहुधा ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कुठेतरी बसतो, बायकांच्या आवाजात थोडा वर. डी-एसर जास्त झाला की ‘स’चा ‘थ’ होतो. तिथून मागे फिरा.

नामांकित कॉम्प्रेसरच्या नकलांचे कितीतरी प्लगइन मिळतात. ११७६ घेऊ की एलए-२ए?

शिकण्यासाठी कुठलाच घेऊ नका. तुमच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला साधा कॉम्प्रेसर सगळे आकडे उघड दाखवतो, तोच गुरू. पण ही दोन यंत्रं अशी का वागतात ते कळलं तर कान तयार होतो, म्हणून थोडं लिहिते.

११७६ हे बिल पुटनम यांनी बनवलेलं, १९६७ चं यंत्र. त्यात दाबण्याचं काम एक विशिष्ट ट्रान्झिस्टर करतो, फेट म्हणतात त्याला, आणि तो विलक्षण जलद आहे: अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद. लक्षात घ्या, मिलिसेकंद नव्हे. सर्वांत संथ अटॅकसुद्धा एका मिलिसेकंदाच्या आत. वर सांगितलेला ‘अटॅक ३० वर न्या’ हा सल्ला त्याच्यावर चालायचाच नाही. त्याला थ्रेशोल्डचं बटणही नाही. इनपुट वाढवत जायचं, तसतसा दाब वाढतो. आणि अटॅक-रिलीजची बटणं उलटी आहेत: ७ म्हणजे सर्वांत जलद, १ म्हणजे संथ. अनेकांना चाट सापडत नाही ती याच उलटेपणामुळे.

एलए-२ए त्याच्या थोडं आधीचं, १९६० च्या दशकातलंच, जिम लॉरेन्स यांचं. त्याच्या आत एक प्रकाशणारा तुकडा आणि प्रकाशानं रोध बदलणारा एक घटक समोरासमोर बंद असतात. गाणं मोठं झालं की तुकडा जास्त उजळतो आणि आवाज दाबला जातो. उजेड गेला तरी तो घटक एकदम पूर्ववत होत नाही: दाबाचा निम्मा भाग साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला अर्ध्या सेकंदापासून काही सेकंदांपर्यंत रेंगाळतो, आणि आधी किती दाबलं होतं त्यावर तो वेळ बदलतो. लांब आळवलेल्या सुरावर हे फार गोड लागतं, कारण सूर संपताना दाब हलक्या हातानं सुटतो. वेळेची बटणंच नाहीत. किती दाबायचं आणि किती उचलायचं, बस.

म्हणून गळ्यावर दोन्ही एकामागोमाग लावायची जुनी पद्धत आहे. पहिला ११७६, फक्त उसळणारी टोकं पकडायला, २-३ डेसिबल. त्याच्या मागे एलए-२ए, सगळ्या ओळीला सावकाश सावरायला, आणखी ३ डेसिबल. एकाच यंत्राकडून ६ मागितले तर ते घाम गाळताना ऐकू येतं. दोघांत वाटले तर सहसा येत नाही. साध्या प्लगइनच्या दोन प्रती लावून, एकीला जलद आणि दुसरीला संथ वेळा देऊनही हे जमतं.

मी भावगीताला चाल लावली. मिक्स करणाऱ्या मित्रानं आवाज अगदी एकसारखा केला. प्रत्येक शब्द कळतो, पण गाण्यातला जीव गेला असं वाटतं. मी जुन्या विचारांची आहे का?

तुमचा कान बरोबर आहे, मित्राला हे पत्र दाखवा.

आवाजातला चढउतार दोन प्रकारचा असतो. एक गाणाऱ्याचा: गायिका एखादी ओळ दुसऱ्यांदा घेताना हळू का घेते, एका शब्दावर का दाबते, शेवटचं अक्षर का सोडून देते. दुसरा अपघाताचा: मान वळली, माइकपासून लांब गेली, दुसरा टेक वेगळ्या दिवशी झाला. मला दुसरा काढायचा असतो आणि पहिला जपायचा असतो. कॉम्प्रेसरला यातला फरक कळत नाही. त्याला फक्त पातळी कळते.

म्हणून भावगीतात मी कॉम्प्रेसरच्या आधी फेडरवर (ट्रॅकची पातळी वरखाली करायच्या पट्टीवर) किंवा क्लिपच्या गेनवर बसते. ओळ न् ओळ ऐकते. मराठीत ओळीचं शेवटचं अक्षर पुष्कळदा विझत जातं, आणि अर्थ नेमका तिथेच असतो: ‘आले’ की ‘आलो’, ‘नाही’ की ‘नाहीस’. ते अक्षर २-३ डेसिबल उचलायचं, फक्त तेवढंच. एखादा शब्द मान वळल्यामुळे खाली गेला असेल तो वर. अंतऱ्याचा पहिला उंच सूर वाद्यांच्या अंगावर येत असेल तर तो दीड-दोन डेसिबल खाली. मुखडा मात्र अंतऱ्यापेक्षा हलकाच राहू द्यायचा. त्याच्या भोवतालची वाद्यं कमी करायची, म्हणजे तो हलका असूनही जवळ येतो. हे वेळखाऊ आहे, आणि मिक्समधला दुसरा कुठलाही वेळ मी इतक्या आनंदानं खर्च करत नाही.

एवढं झाल्यावर कॉम्प्रेसरला फार काम उरत नाही. २:१, अटॅक १५-२० मिलिसेकंद, सुई २-३ डेसिबल. मींडेवर लक्ष ठेवा. एका सुरातून दुसऱ्याकडे सरकताना रिलीज फार जलद असेल तर मींडेच्या मध्यावर आवाज फुगतो, आणि गायिकेनं तिथे जोर लावला असं वाटतं. तिनं तो लावलेला नसतो. आलापाला तर मी बहुतेक वेळा कॉम्प्रेसर लावतच नाही. फेडरवर बोट ठेवते.

माझं गाणं इतरांच्या गाण्यांपेक्षा हळू वाजतं. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, किती दाबू?

आधी हे ठरवा, की ते कुठे हळू वाजतं: तुमच्या कॉम्प्युटरवर की स्ट्रीमिंगवर? दोन्हीकडे नियम वेगळे.

२००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं आवाजाचा कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायची पद्धत ठरवली, बीएस.१७७० नावाची, तिचं एकक एलयूएफएस. युरोपच्या प्रसारण संघानं २०१० मध्ये त्यावरून आर १२८ ही शिफारस काढली आणि प्रसारणासाठी उणे २३ हा आकडा धरला. गाण्यांच्या सेवाही आता असंच काहीतरी करतात: स्पॉटिफाय आणि यूट्यूबचा संदर्भ उणे १४ चा, अॅपल म्युझिकचा उणे १६ चा. तुम्ही लिमिटरनं रेटून गाणं उणे ८ वर नेलंत, तर उणे १४ धरणारी सेवा ते ६ डेसिबल खाली आणून वाजवेल. मोठेपणा गेला, ड्रमची छाटलेली टोकं मात्र छाटलेलीच राहिली. शेजारी उणे १४ चं मोकळं गाणं वाजलं तर त्याचाच ठोका जास्त लागेल.

तेव्हा आकड्यामागे धावू नका. मास्टरवर कॉम्प्रेसर लावायचा तर २:१, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज ऑटो, सुई १ ते २ डेसिबल. आणि तो मिक्सच्या सुरुवातीलाच लावून त्यातूनच मिक्स करा. सगळं जुळवून झाल्यावर शेवटी लावला तर तुम्ही केलेला तोल तो बदलतो आणि मग दोघं भांडत बसता. शेवटच्या लिमिटरची वरची हद्द उणे १ डेसिबलवर ठेवा, कारण एमपी३ किंवा तत्सम रूपात जाताना टोकं थोडी वर उसळतात.

बरं, पुष्कळ गाणी हळू वाजतात ती मास्टरमुळे नव्हेच. खाली ४० हर्ट्झच्या आसपास छोट्या स्पीकरवर ऐकूच न येणारी गडगड साठलेली असते, ती सगळी जागा खाते. आधी ती शोधा.

पॅरलल कॉम्प्रेशन म्हणजे काय, आणि ते कधी करावं?

मूळ ट्रॅक तसाच ठेवायचा आणि त्याची दुसरी वाट काढून ती बेसुमार दाबायची, मग ती मुळाखाली हळूच मिसळायची. मुळातली टोकं शाबूत राहतात आणि खालून हलके तपशील भरून येतात. ड्रम किटवर उत्तम, तबल्याच्या हलक्या बोलांवरही छान. गळ्यावर बेतानं, श्वास आणि खोली दोन्ही वर येतात. मिसळताना पातळी वाढते, तेव्हा बायपासची तुलना इथेही आवाज जुळवूनच करा.

इक्यू आधी की कॉम्प्रेसर आधी?

इक्यूनं, म्हणजे ठरावीक पट्ट्यातले स्वर कमीजास्त करणाऱ्या साधनानं, कापायचं ते आधी, चढवायचं ते नंतर. गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालची धडधड कॉम्प्रेसरपर्यंत पोचूच देऊ नका, नाहीतर माइकच्या स्टँडला लागलेल्या पायानं सुई हलेल आणि गाणं खाली बसेल.

प्रत्येक ट्रॅकवर कॉम्प्रेसर हवाच का?

नको. डिस्टॉर्शन लावलेली इलेक्ट्रिक गिटार आधीच दाबलेली असते, अॅम्पनंच ते काम केलेलं असतं. तानपुरा एका पातळीत वाहतो. कीबोर्डचे लांब पॅड बनवतानाच सपाट केलेले असतात. अशा ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावून सुई हलवायची तर थ्रेशोल्ड इतका खाली न्यावा लागतो की ती हलते आणि तिथेच अडकून बसते. तो मग नुसता आवाज कमी करणारा फेडर झाला, आणि फेडर तुमच्याकडे आहेच.